मास एअरफ्लो सेन्सरमध्ये फेरबदल: कोणता करावा, कोणता टाळावा आणि कसा करावा

इंजिनाला अधिक हवा मिळावी म्हणून एअर फिल्टरच्या पुढील नळीतल्या, हवा मोजणाऱ्या मास एअरफ्लो सेन्सरची जाळी कापणे, त्याचे घर (तो ज्या नळीच्या तुकड्यात बसतो तो) मोठ्या व्यासाचे बसवणे किंवा त्याच्या तारेत एखादा रेझिस्टर (विजेला रोध करणारा भाग) जोडणे, असे उपाय हौशी गाडीमालकांमध्ये बरीच वर्षे चालत आले आहेत. यांपैकी मोठे घर बसवण्याला ठरावीक परिस्थितीत खरोखर अर्थ आहे; जाळी कापण्याने बहुतेक वेळा काहीच साधत नाही; आणि रेझिस्टर जोडण्याने इंजिनाचे नुकसान होऊ शकते. कोणत्या गाडीला काय लागू पडते हे आधी मोजून पाहावे आणि मगच पाना हातात घ्यावा, या क्रमाने पुढील मार्गदर्शन लिहिले आहे.

पहिल्यांदा आपल्या गाडीत हा सेन्सर आहे का, याची खात्री करून घ्यावी. अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांमध्ये हवा थेट मोजली जातच नाही. मॅनिफोल्डमधील, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांमधील दाब, हवेचे तापमान आणि इंजिनाचा वेग यांवरून ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, हवेचे गणित मांडतो. दाब मोजणारा हा मॅप सेन्सर हवेच्या वाटेत उभा नसतो, त्यामुळे त्याच्यात फेरबदल करून हवा वाढण्याचा प्रश्नच येत नाही. फिल्टर बॉक्सच्या लगेच पुढे, नळीत किंवा बॉक्सच्याच झाकणाच्या तोंडाशी, बहुधा चार-पाच तारांचा कनेक्टर असलेला सेन्सर दिसला, तर तो बहुधा मास एअरफ्लो सेन्सर असतो. गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत त्याचे स्थान पाहून घेणे सर्वांत चांगले.

या सेन्सरमध्ये एक बारीक तापलेली तार किंवा तापलेला पातळ थर असतो. सेन्सरमधील सर्किट त्याला आत येणाऱ्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवते. हवा वाहू लागली की तार थंड होऊ पाहते, तिला गरम राखण्यासाठी अधिक वीज द्यावी लागते, आणि या विजेवरून दर सेकंदाला किती ग्रॅम हवा गेली हे ठरते. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. नळीतली सगळी हवा त्या तारेवरून जात नाही. सेन्सरच्या टोकाशी एक छोटी खिडकी असते, तिच्यातून हवेचा अगदी थोडा हिस्सा आत शिरतो, आणि त्या नमुन्यावरून एकूण हवेचा अंदाज ईसीयू आपल्या स्मरणातील कोष्टकावरून काढतो. हे कोष्टक कारखान्यात त्याच व्यासाच्या, त्याच आकाराच्या घरासाठी तयार केलेले असते. तराजूचे पारडे रुंद केले म्हणून धान्य वाढत नाही, उलट काटा चुकीचे वजन दाखवू लागतो, तसे घर बदलले आणि कोष्टक तसेच ठेवले की होते.

सेन्सर म्हणजे अडथळा, ही समजूत निराधार नव्हती. १९७० च्या दशकातल्या बॉशच्या एल-जेट्रॉनिक प्रणालीत हवा मोजण्यासाठी स्प्रिंग लावलेली झडप असे आणि इंजिनाला ती झडप ढकलूनच हवा ओढावी लागे. पुढे तापलेल्या तारेचे सेन्सर आले आणि झडप गेली; समजूत मात्र टिकून राहिली.

अडथळा किती, याचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. १.५ लीटरचे चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत आहे. म्हणजे सेकंदाला १०० फेरे. दर दोन फेऱ्यांत इंजिन एकदा पूर्ण हवा भरते, म्हणून सेकंदाला ७५ लीटर. समुद्रसपाटीला २५ अंश तापमानात एक लीटर हवेचे वजन सुमारे १.१८ ग्रॅम असते, म्हणून ८८ ग्रॅम. आणि इंजिन शंभर टक्के भरत नाही, नव्वद टक्के भरते असे धरले तर सुमारे ८० ग्रॅम प्रति सेकंद. साधारण शंभर हॉर्सपॉवरच्या इंजिनाला एवढी हवा लागते.

आता ही हवा ७० मिलिमीटर आतल्या व्यासाच्या घरातून जात असेल, तर तिचा वेग सेकंदाला सुमारे साडेसतरा मीटर होतो आणि त्या वेगाचा एकूण गतिज दाब १८४ पास्कलच्या आसपास येतो. हा सगळा दाब सेन्सरच्या अडथळ्याने वाया गेला असे मानले, जे प्रत्यक्षात घडत नाही, तरी वातावरणाच्या १,०१,३२५ पास्कल दाबाच्या तुलनेत तो दोन-दशांश टक्क्याहूनही कमी आहे. घर ८० मिलिमीटरचे केले तर हाच आकडा १०७ पास्कलवर येतो, म्हणजे फार तर ०.०८ टक्के फायदा. चालकाला हा फरक जाणवणे शक्य नाही. टर्बो बसवून त्याच इंजिनातून दुप्पट हवा ओढली जात असेल, तर मात्र वेग दुप्पट आणि दाब चौपट होतो. तेथे घराच्या व्यासाचा विचार करणे योग्य ठरते.

याच्या शेजारी तापमानाचा हिशेब ठेवून पाहावा. बाहेर ३० अंश असताना इंजिन बॉनेटखालची ५० अंशांची हवा ओढत असेल, तर हवेची घनता सहा टक्क्यांनी घटते. स्कॅनरवर (ईसीयूमधली माहिती दाखवणाऱ्या यंत्रावर) इनटेक हवेचे, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचे, तापमान दिसते. चालत्या गाडीत ते बाहेरच्या तापमानापेक्षा बरेच जास्त राहत असेल, तर बाहेरची हवा आणणारी नळी नीट जागेवर आहे का, फिल्टर बॉक्सचे झाकण घट्ट बसते का आणि उघडा फिल्टर लावला असल्यास तो इंजिनाची गरम हवा तर ओढत नाही ना, हे तपासण्यात जो वेळ जाईल त्याचे चीज होईल. माझ्या मते हवा वाढवू पाहणाऱ्याने पहिले काम हेच करावे.

पाण्याच्या नळीने दाब मोजणे

हिशेब झाला तरी आपल्या गाडीत हवा नेमकी कोठे अडते हे प्रत्यक्ष मोजता येते. सुमारे दीड मीटर पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षराच्या आकारात फळीवर बांधावी, प्रत्येक बाजू निदान अर्धा मीटर उंच ठेवावी आणि तिच्यात निम्म्यापर्यंत रंग घातलेले पाणी भरावे. एक तोंड मोकळे ठेवावे आणि दुसऱ्याला लांब नळी जोडून ती सेन्सर आणि थ्रॉटल बॉडी (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) यांच्यामधल्या भागाला जोडावी. बऱ्याच इंजिनांत क्रँककेसला ताजी हवा देणारी नळी याच भागातून निघते. तिच्यात टी-जोड घातल्यास नवे छिद्र पाडावे लागत नाही. नळी चुकूनही थ्रॉटलच्या पलीकडे, मॅनिफोल्डला किंवा ब्रेक बूस्टरच्या नळीला जोडू नये, कारण तेथील निर्वात एवढा जोरदार असतो की सगळे पाणी इंजिनात ओढले जाईल.

डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), किंवा रिकाम्या आणि सुरक्षित रस्त्यावर, एकाने गाडी चालवावी आणि दुसऱ्याने नळीकडे पाहावे. पूर्ण थ्रॉटलवर, इंजिन वरच्या फेऱ्यांत असताना दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत किती फरक पडतो ते नोंदवावे. १०२ मिलिमीटर पाणी म्हणजे एक किलोपास्कल, आणि वातावरणाचा दाब शंभर किलोपास्कलच्या आसपास असल्याने एक किलोपास्कल म्हणजे ढोबळमानाने एक टक्का ताकद, हे प्रमाण लक्षात ठेवणे सोपे आहे. मग हेच मोजमाप फिल्टर आणि सेन्सर यांच्यामध्ये, आणि शक्य असल्यास फिल्टरच्याही आधी घ्यावे. दोन ठिकाणांच्या आकड्यांतला फरक त्यांच्यामधल्या भागाच्या नावे जातो. मळलेला फिल्टर, चेपलेली नळी आणि हवा आत घेणारे अरुंद तोंड यांचा वाटा सेन्सरपेक्षा मोठा निघाला तर आश्चर्य वाटू नये. मोजण्यासाठी फिल्टरच्या स्वच्छ बाजूला छिद्र पाडले असेल, तर ते रबरी बुचाने पक्के बंद करावे. तेथून शिरलेली धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते.

सेन्सर स्वच्छ करणे आणि तो खरे सांगतो का हे पाहणे

कोणताही फेरबदल करण्याआधी सेन्सर स्वच्छ करावा. इंजिन थंड असावे आणि चावी काढून काही मिनिटे थांबावे. कनेक्टरची खिटी दाबून तो सरळ ओढावा, तारांना धरून ओढू नये. सेन्सर बहुधा दोन स्क्रूंनी बसवलेला असतो. त्यांचे डोके ताऱ्याच्या आकाराचे असल्यास योग्य मापाचाच बिट वापरावा. सेन्सर तिरका न करता बाहेर काढावा आणि उजेडात धरून खिडकीच्या आत पाहावे. तारेवर तपकिरी थर किंवा केसाएवढा कापसाचा धागा चिकटलेला अनेकदा दिसतो. तेल लावलेले फिल्टर वापरणाऱ्यांच्या गाडीत हा थर चिकट असतो.

यासाठी मास एअरफ्लो सेन्सरकरिताच बनवलेला स्प्रे वापरावा. कार्ब्युरेटर किंवा ब्रेक स्वच्छ करण्याचा स्प्रे प्लॅस्टिकला आणि तारेवरील थराला बाधू शकतो. वीतभर अंतरावरून दहा-पंधरा छोटे फवारे मारावेत, शेजारचा तापमान मोजणारा मणीही धुवावा आणि सेन्सर आपोआप वाळू द्यावा. बोट, कापूस, ब्रश किंवा कॉम्प्रेसरची हवा तारेजवळ नेऊ नये. स्प्रे पेट घेणारा असतो आणि तार गरम होते, म्हणून सेन्सर पूर्ण वाळल्याशिवाय चावी फिरवू नये. अर्धा तास दिलेला बरा. परत बसवताना घरावरील बाण इंजिनाच्या दिशेने आहे आणि ओ-रिंग पिळलेली नाही, हे पाहावे.

यानंतर स्कॅनर जोडावा. गरम झालेले इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता रिकामे चालत) असताना, १.५ लीटरच्या इंजिनाला सेकंदाला साधारण दोन-तीन ग्रॅम हवा दिसावी. पूर्ण थ्रॉटलवरचा आकडा वरच्या हिशेबाशी ताडून पाहावा. समजा ८० अपेक्षित असताना ६० दिसले. याचे दोन अर्थ होतात: खरोखरच इंजिनात हवा कमी जात आहे, किंवा हवा पुरेशी जात असून सेन्सर कमी सांगत आहे. या दोहोंतला फरक फ्युएल ट्रिम सांगतात. एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरच्या माहितीवरून ईसीयू इंधनात जी टक्केवारीची दुरुस्ती करतो तिला फ्युएल ट्रिम म्हणतात. तात्पुरत्या आणि दीर्घकालीन ट्रिमची बेरीज अधिक किंवा उणे पाच टक्क्यांच्या आत असेल तर सेन्सर विश्वासार्ह मानावा. हवा खरोखर अडली असेल तर सेन्सर कमी हवा खरेपणाने सांगतो, इंधन त्याच प्रमाणात कमी पडते आणि ट्रिम शून्याजवळ राहते. सेन्सरच कमी सांगत असेल तर मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, ट्रिम अधिक दहा-पंधरा टक्क्यांवर जाते आणि पुढे पी०१७१ हा कोड येऊन चेक इंजिनचा दिवा लागतो. पूर्ण थ्रॉटलवर ईसीयू बहुधा ऑक्सिजन सेन्सरवरून दुरुस्ती करत नाही, म्हणून ही तुलना चढावर, स्थिर वेगात, जास्त भारावर करावी. ट्रिम फक्त आयडलला जास्त आणि फेरे वाढवल्यावर कमी होत असेल, तर दोष सेन्सरचा नसून पुढच्या एखाद्या नळीतून न मोजलेली हवा शिरत असते.

पुष्कळ गाड्यांत काम येथेच संपते. फिल्टर बदलला, नळ्या घट्ट केल्या, सेन्सर धुतला आणि इंजिनाची मूळ ताकद परत आली, तर आणखी पुढे जाण्याचे कारण उरत नाही.

जाळीविषयी

सेन्सरच्या तोंडावरची जाळी किंवा मधमाशांच्या पोळ्यासारखी चौकट फिल्टर बॉक्सच्या वळणातून गिरक्या घेत येणाऱ्या हवेला सरळ करते. ती काढली की खिडकीत शिरणारा नमुना सगळ्या हवेचा प्रतिनिधी राहत नाही. त्यामुळे कधी आयडल डगमगते, कधी हलक्या थ्रॉटलवर गाडी झटके देते, तर काही गाड्यांत काहीच जाणवत नाही आणि ट्रिम मात्र हळूहळू सरकतात. पाण्याच्या नळीने मोजून जाळीचा अडथळा ठळक दिसला तरच हा विचार करावा, आणि तेव्हाही जाळी कापण्याऐवजी जाळी नसलेले दुसरे घर आणून बसवावे, म्हणजे मूळ घर परत लावण्याची सोय राहते.

मोठे घर बसवायचे असल्यास

याचे खरे कारण एकच असते: टर्बो किंवा मोठ्या बदलांमुळे इंजिन एवढी हवा ओढू लागते की सेन्सर आपल्या कमाल मर्यादेला, म्हणजे व्होल्टेज देणाऱ्या सेन्सरमध्ये पाच व्होल्टच्या जवळ, जाऊन अडकतो आणि त्यापुढची हवा ईसीयूला दिसतच नाही. स्कॅनरने नोंदवलेल्या लॉगमध्ये फेरे वाढत असताना सेन्सरचा आकडा सपाट झाला की हे ओळखता येते.

७० चे घर ८० मिलिमीटरचे केले की क्षेत्रफळ १.३०६ पट होते. तेवढीच हवा आता संथ जाते आणि सेन्सर ती सुमारे २३ टक्क्यांनी कमी सांगतो. कोष्टक न बदलता गाडी चालवली तर मिश्रण पातळ होते, हे अनेकांना ठाऊक असते. याहून मोठा धोका मात्र दुसराच आहे. ईसीयू इंजिनावरचा भार याच आकड्यावरून काढतो. हवा कमी दिसली की त्याला भार हलका वाटतो आणि हलक्या भाराला तो स्पार्क लवकर देतो. पातळ मिश्रण आणि लवकर स्पार्क एकत्र आले की इंजिन नॉक करू लागते, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून खडखड होते, आणि पिस्टनला इजा होऊ शकते. ‘पिकअप वाढला’ असे जे क्षणभर वाटते ते अनेकदा याच लवकर आलेल्या स्पार्कमुळे असते. म्हणून ईसीयूचे कोष्टक बदलण्याची सोय आणि हवा-इंधनाचे नेमके प्रमाण दाखवणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर हाताशी नसेल, तर घर बदलू नये.

घर बनवताना सेन्सर बसवण्याची चकती अशा उंचीवर जोडावी की सेन्सरची खिडकी नळीच्या मध्यावर येईल. सेन्सरची लांबी ठरलेली असते आणि रुंद नळीत तो भिंतीजवळ राहून गेला तर तेथील संथ हवाच मोजतो. वेल्डिंगचा आतला उंचवटा घासून सपाट करावा. सेन्सरच्या आधी व्यासाच्या तीन-चार पट लांबीची सरळ नळी मिळाली तर उत्तम. वळणाच्या लगेच पुढे किंवा थ्रॉटलच्या अगदी जवळ तो बसवू नये. सेन्सरच्या पुढचे सगळे होस क्लॅम्प पुन्हा घट्ट करावेत, कारण तेथून शिरणारी हवा न मोजलेली असते.

मग मूळ कोष्टकाची प्रत दोन ठिकाणी जपून ठेवावी आणि प्रत्येक व्होल्टेजसमोरील ग्रॅमचा आकडा १.३०६ ने गुणावा. व्होल्टेजचा स्तंभ गुणू नये. व्होल्टेज आणि हवा यांचे नाते सरळ रेषेचे नसते. काही ईसीयूंमध्ये हवेच्या कमाल आकड्याची वेगळी मर्यादा असते, तीही वाढवावी लागते. गुणाकार ही सुरुवात आहे, कारण सेन्सरचे स्वतःचे अंगही नळीतली थोडी जागा अडवते. इंजिन गरम करून वेगवेगळ्या स्थिर वेगांवर गाडी चालवावी आणि ट्रिमची नोंद घ्यावी. एखाद्या व्होल्टेजला ट्रिमची बेरीज अधिक सहा टक्के येत असेल, तर त्या खान्यातला आकडा १.०६ ने गुणावा. उणे येत असेल तर त्या प्रमाणात कमी करावा. शेजारच्या खान्यांमध्ये अचानक उडी राहू देऊ नये. गतिरोधकावर थ्रॉटल सोडतानाच्या किंवा गिअर बदलतानाच्या नोंदी हिशेबातून वगळाव्यात.

पूर्ण थ्रॉटलचा भाग शेवटी घ्यावा, आणि तोही टप्प्याटप्प्याने. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात पूर्ण भारावर हवा-इंधनाचे प्रमाण साधारण १२.५ ते १३ असावे. टर्बो असल्यास ते याहून गाढे ठेवतात. वाइडबँडवर भारात असताना १३.५ च्या वर आकडा जाऊ लागला किंवा खडखड ऐकू आली की लगेच पाय काढावा. इंजेक्टर आणि इंधनपंप वाढलेल्या हवेला पुरे पडतात का, हेही याच वेळी कळते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाडीत गिअर बदलण्याचा जोर इंजिनाच्या अंदाजित टॉर्कवर ठरतो आणि तो अंदाज याच सेन्सरवर आधारलेला असतो, म्हणून कोष्टक चुकले तर गिअरबॉक्सही धक्के देऊ लागतो.

टर्बो गाडीत जादा हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह लावला असेल, तर मोजलेली हवा बाहेर जाते आणि गिअर बदलताना मिश्रण क्षणभर गाढे होते. ती हवा सेन्सरच्या पुढे, टर्बोच्या आधी परत इनटेकमध्ये आणावी. डिझेल गाड्यांत या सेन्सरवरून ईजीआर (एक्झॉस्टचा काही वायू परत इंजिनात सोडणारी झडप) किती उघडायचे आणि धूर किती मर्यादेत ठेवायचा हे ठरते, त्यामुळे तेथे घर बदलल्यास दोन्ही बिघडतात आणि पेट्रोलसारखी ट्रिमची सहज खूणही मिळत नाही. डिझेलमध्ये हा फेरबदल करू नये, असेच मी सांगेन.

सुरुवातीला सांगितलेला रेझिस्टरचा उपाय, म्हणजे इनटेक हवेच्या तापमान-सेन्सरला (बहुधा याच सेन्सरमधल्या मण्याला) रेझिस्टर जोडून ईसीयूला हवा थंड असल्याचे भासवणे, पूर्ण टाळावा. या सेन्सरचा रोध थंडीत वाढतो, म्हणून जोडलेल्या रेझिस्टरमुळे ४५ अंशांची हवा २० अंशांची वाटू शकते. एक ग्रॅमही जास्त हवा त्यामुळे आत जात नाही. गरम हवेत ईसीयू स्पार्क मागे घेऊन इंजिनाला नॉकिंगपासून वाचवत असतो आणि नेमके तेच संरक्षण हा रेझिस्टर काढून घेतो.

उत्सर्जन-तपासणीचे नियम, वॉरंटी आणि विमा यांवर अशा बदलांचा परिणाम होऊ शकतो, तेव्हा काम हाती घेण्याआधी त्यांची चौकशी करावी. काम झाल्यावर पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये स्कॅनर जवळ ठेवावा, थंड सकाळी आणि भर उन्हात असे दोन्ही वेळा ट्रिम पाहावेत, आणि दोन्हींत ते पाच टक्क्यांच्या आत राहिले की मूळ घर, त्याची ओ-रिंग आणि मूळ कोष्टकाची प्रत एकत्र बांधून ठेवावी.